जड बेल्स

"चिमणे, तुझ्या नवऱ्याला सांग, मला चार जड बेल्स कातून हव्यात," दादा दारातूनच म्हणाला.

सकाळचे नऊ वाजले होते. मी बोटाने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं.

"अरे हो, तुझं मौन. म्हणजे बारापर्यंत तुला सांगून उपयोग नाही, आणि बारानंतर त्यांना सांगून उपयोग नाही, ते जेवून आडवे होतात. मीच जातो खाली."

सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत बोलायचं नाही, हे व्रत मी अकरा वर्षं पाळत आले होते. आईच्या दुखण्यात धरलं. आई गेली, पण व्रत सोडवेना. बारानंतर मी फार बोलते असंही नाही. माझा आवाजच बारीक, त्यावरून दादाने लहानपणी चिमणी हे नाव पाडलं, ते केस पिकले तरी चालूच आहे. अडीनडीला लिहायला पिशवीत एक छोटी पाटी असते. आमचे हे म्हणतात, "लोकांच्या घरी बायको बोलते नि नवरा ऐकतो. माझ्या घरी बारापर्यंत लेथ बोलते नि मी ऐकतो."

हे कातारी. घराच्या तळमजल्यावर यांचा कारखाना, म्हणजे लाकूड कातायची एक लेथ, एक लांब बाक आणि घोट्यापर्यंत भुसा. टेबलाचे पाय, जिन्याचे कठडे, लाटणी, बुद्धिबळाची प्यादी, जे गोल असेल ते सगळं हे करतात. कारखान्यामागच्या खोलीत दादा राहतो. वहिनी गेल्यावर त्याला आम्हीच इथे आणलं. मधल्या मजल्यावर आम्ही. आणि आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, भूमिती शिकवणारे मास्तर. जिना एकच. मास्तरांना वर जायचं तर दादाच्या दारावरूनच जावं लागतं, हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्या जिन्यातच अडकून पडलं होतं.

दादाच्या मागोमाग मीही खाली गेले.

"बेल्स मला माहीत आहेत," हे म्हणत होते. "तीन स्टंपांच्या डोक्यावर दोन कांड्या आडव्या ठेवतात त्या. पण जड म्हणजे?"

"जड लाकडाच्या. साधी बेल जोराच्या वाऱ्यात आपोआप पडते. म्हणून पूर्वी पंचाच्या खिशात जड बेल्सचा वेगळा संच असायचा. वारा सुटला की त्या लावायच्या, वारा पडला की काढून साध्या लावायच्या. आता हे कुणाच्या गावीही नाही. नवे पंच खोबणीत थुंकी लावतात आणि देवाचं नाव घेतात."

"किती जड पाहिजे?"

"वाऱ्याने पडू नये इतकी. आणि चेंडू लागला की पडलीच पाहिजे इतकी."

"हे म्हणजे काहीतरीच झालं."

"काहीतरीच काय? जावयासारखी पाहिजे. एकदा बसली की फुंकरीने हलायची नाही, पण जरा टोचलं की ताडकन उठली पाहिजे."

"मग मेव्हण्यासारखी का नको?" यांनी लेथवरून मान न उचलता विचारलं. "मेव्हणा तर आठ वर्षं मागच्या खोलीत बसलाय, कशानेच हलत नाही."

दोघं हसले. मला बोलायची परवानगी नव्हती, हसायची होती.

बंदरावरून आणलेली एका जुन्या बोटीची कप्पी यांच्याकडे पडून होती. काळपट हिरवं लाकूड, हातात घेतलं तर दगडच. यांनी त्याचा तुकडा पाण्याच्या बादलीत टाकला तर तो सरळ तळाला गेला. "हे चालेल," दादा म्हणाला. त्याचे डोळे चमकले, पण क्षणभरच. पुढे तो हळूच म्हणाला, "शेवटचा सामना आहे माझा. त्यात तरी वाऱ्याचा संशय नको."

ते ऐकून मी वर निघून आले. कारण त्या संशयाची सगळी हकीकत मला ठाऊक होती, आणि ती फक्त मलाच ठाऊक होती.

मी आमच्या क्लबाची गुणलेखक आहे. सीमारेषेबाहेर, खेळपट्टीच्या अगदी आडव्या बाजूला टेबल टाकून बसते. कुणी किती धावा केल्या, कोण कसा बाद झाला, ते वहीत लिहायचं. पंचाने खूण केली की नुसता हात वर करून 'मिळाली' असं कळवायचं. तोंड उघडावं लागत नाही, म्हणून मला हे काम जमतं, आणि मी वाद घालत नाही म्हणून क्लबालाही मी जमते. खेळाडूंच्या पाठीवर नंबर नसतात, म्हणून ओळखायला जवळ दुर्बीण असते.

मागच्या वर्षी, मोसमाच्या शेवटी, असाच वाऱ्याचा दिवस होता. मास्तर फलंदाजी करत होते. वीस वर्षं ते क्लबाकडून खेळले, पण अर्धशतक म्हणून कधी झालं नव्हतं. त्या दिवशी एकोणपन्नासवर होते. गुडघे कुरकुरत होते, हा शेवटचाच मोसम हे त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दादा गोलंदाजाच्या टोकाला पंच होता. आडव्या बाजूच्या पंचाची टोपी उडाली आणि तो तिच्यामागे धावला. माझ्या शेजारी समोरच्या संघाचा गुणलेखक पेन्सिलीला टोक काढत होता. मी दुर्बीण डोळ्याला लावली होती, कारण बेल्स वाऱ्याने थरथरत होत्या आणि मला त्याची गंमत वाटत होती.

गोलंदाजाने चेंडू टाकला. टप्पा पडून तो उठत होता, अजून बॅटपाशी पोचला नव्हता, तेवढ्यात एक बेल घरंगळून खाली पडली. मग चेंडू गेला. मास्तरांनी बॅट फिरवली ती हुकली. लांब उभ्या असलेल्या यष्टिरक्षकाने चेंडू धरला, त्याला बेल खाली दिसली, तो ओरडला, सगळे ओरडले. दादाचं बोट वर गेलं.

अकरा वाजून चाळीस मिनिटं. मी वहीत त्रिफळाचित असं लिहिलं.

मौन होतं, असं मी पुढे वर्षभर मनाला सांगत राहिले. पण पाटी पिशवीतच होती, हे देवापासून लपलेलं नाही. आणि एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, दादा येऊन माझ्याजवळ वाकला. "चिमणे, तुला काय दिसलं?" तेव्हा मौन सुटून तास झाला होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तीस वर्षांत त्याच्या निर्णयावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी म्हणाले, "मी वही लिहीत होते रे."

संध्याकाळी जिन्यात मास्तरांनी दादाला विचारलं, "पंच, चेंडू स्टंपला लागलेला तुम्ही पाहिलात?"

"मला वाटलं ते मी दिलं."

"वाटलं? मला आवाजच आला नाही हो."

"निर्णय झाला, मास्तर."

बस. त्या दिवसापर्यंत मास्तर रोज संध्याकाळी दादाच्या दारी थांबायचे. यांनी कातलेली प्यादी मांडून दोघं दोन दोन तास एकमेकांना शिव्या देत बुद्धिबळ खेळायचे. त्या दिवसानंतर मास्तरांची पावलं दादाच्या दारापाशी जरा भरभर पडायची आणि वर जायची. मला भेटले की "काय वहिनी, बरं आहे ना?" एवढं विचारायचे. दादाला काही नाही. दादाही पावलं वाजली की रेडिओ मोठा करायचा.

महिन्या दोन महिन्यांनी दादा मला विचारायचा, "चिमणे, खरंच वही लिहीत होतीस?" मी "हो" म्हणायचे. एकदा सांगितलेलं खोटं अशा रीतीने मी पाच-सहा वेळा सांगितलं. सांगितलं तर दादा चुकला ठरतो, न सांगितलं तर मास्तर. या दोन पारड्यांत मी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना उभी राहायचे आणि दिवा लावून निघून यायचे. मग एक दिवस दादा म्हणाला, आपले डोळे आता भरवशाचे राहिले नाहीत, या मोसमानंतर पंचगिरी बंद. त्याचे डोळे डॉक्टरांनी तपासले होते. डोळ्यांत दोष काही नव्हता.

बेल्स चार दिवसांत तयार झाल्या. चौघी अशा एकसारख्या की यांनी त्या दादापुढे बाकावर ओळीने मांडल्या आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

दादाने एक उचलली. "टोकं सारखी झाली."

"अहो, सारखी होणं म्हणजेच तर चांगलं काम!"

"बेलीला एक टोक लांब लागतं, एक आखूड. लांब टोक बाहेरच्या स्टंपवर, आखूड मधल्यावर. मधल्या स्टंपवर दोघींना जागा वाटून घ्यायची असते ना."

"एका स्वयंपाकघरात दोन जावा," हे म्हणाले.

"तसंच. दोघी हातपाय पसरून बसल्या तर एक खाली पडणार, नाहीतर एकमेकींत अडकून बसणार. मग चेंडू लागला तरी उठायच्या नाहीत."

तीस वर्षं सगळं सारखं करण्यात घालवलेल्या माणसाला मुद्दाम असमान करायला सांगणं म्हणजे काय, ते यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दोन दिवस कुरकुरत यांनी प्रत्येक बेलीचं एक टोक आखूड केलं, पुन्हा घासलं, पुन्हा तेल दिलं. दादा पट्टी घेऊन शेजारी उभा. स्टंपांच्या वर अर्ध्या इंचाहून जास्त दिसता कामा नये, तेही मोजलं. शेवटी चारही बेल्स मी एका सुती पिशवीत घातल्या. सामन्याच्या सकाळी हे त्यांना शेवटचा हात मारणार होते, म्हणून पिशवी माझ्याकडेच राहिली.

सामन्याच्या आदल्या दिवशी क्लबाच्या फळ्यावर पंचांची नावं लागली. एक दादा. दुसरे मास्तर.

गुडघ्यांमुळे खेळणं सुटल्यावर त्यांनी पंचांची परीक्षा दिली होती, हे आम्हाला माहीत होतं. पण समितीने नेमकं या सामन्याला दोघांना एकत्र बांधावं! दादा फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला, आणि मला एवढंच म्हणाला, "जड बेल्स लावायच्या तर दोन्ही पंचांची संमती लागते. दोन्ही टोकांना लावायच्या, एका टोकाला लावून चालत नाही."

सकाळपासून वारा होता. धावफलकाच्या पत्र्याच्या पाट्या खडखडत होत्या. सीमारेषेची झेंडी आडवी झाली होती. साडेदहाला खेळ सुरू झाला आणि पहिल्याच षटकात बेल्स तीनदा पडल्या, चेंडू न लागता. फलंदाज वैतागला, गोलंदाजाने कमरेवर हात ठेवले. शेवटी दादा माझ्या टेबलाकडे यायला निघाला. दुसऱ्या टोकाहून मास्तरही निघाले, कारण एकाने ठरवून चालणार नव्हतं. दोघं दोन बाजूंनी आले आणि टेबलाच्या दोन कोपऱ्यांना उभे राहिले.

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "चिमणे, मास्तरांना विचार, जड बेल्स लावायला त्यांची संमती आहे का. नियमाने दोघांची लागते."

मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, पंचांना सांगा, नियम मला पाठ आहे."

"त्यांना म्हणावं, पाठ असेल तर हो किंवा नाही एवढंच सांगा."

"त्यांना म्हणावं, परीक्षेत मला शंभरपैकी शहाण्णव होते."

शेजारचा गुणलेखक मागच्या वर्षीचाच होता, पेन्सिलवाला. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "अहो, बाई मौनात आहेत," तो म्हणाला. "तुम्ही दोघं भिंतीशी बोलताय."

"भिंतीचं नका सांगू," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "वहिनी, वाऱ्याने बेल पडते, हे पंचांना मान्य आहे का, ते आधी विचारा. मागच्या वर्षी मान्य नव्हतं."

दादाचा हात बेल्सच्या पिशवीसाठी पुढे आला होता, तो त्याने मागे घेतला. मास्तर दुसरीकडे बघू लागले.

मी पिशवीतून पाटी काढली. पेन्सिल हातात घेतली. एक अक्षर लिहिलं आणि पुसलं. खोटं मी तोंडाने बोलले होते. खरं पाटीवर लिहून कसं भागणार होतं? अकरा वर्षं मी सकाळचं मौन जपलं, पण गेल्या वर्षभरात त्याचा मी आडोसा केला होता, आणि आडोशाला व्रत म्हणत नाहीत.

"मागच्या वर्षी बेल आधी पडली," मी म्हणाले. "चेंडू नंतर गेला. मी पाहिलं."

सकाळी इतक्या वर्षांत न वापरलेला आवाज, तो माझा मलाच परका वाटला. पेन्सिलवाल्याच्या हातून पेन्सिल पडली.

दादा पहिल्यांदा काय म्हणाला असेल? "तू बोललीस," तो म्हणाला. "अगं, अजून अकराही वाजले नाहीत."

"हो."

"तू तर वही लिहीत होतीस."

"नव्हते. दुर्बीण डोळ्याला होती. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. नंतरही दर वेळी खोटंच बोलले."

मास्तर टेबलाशेजारच्या बाकावर बसले. पंचाने सामन्यात बसायचं नसतं, पण बसले. मग वर्गात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "किती आधी?"

"चेंडू टप्पा पडून उठत होता. तुमच्यापर्यंत आला नव्हता."

"माझ्या ऑफ स्टंपच्या बाहेरून गेला ना? वीतभर?"

"ते मला या बाजूने दिसत नाही. मला आधी आणि नंतर, एवढंच दिसतं."

"बरोबर," मास्तर म्हणाले. "या कोनातून दिसणारच नाही." आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. वारा इतका होता की डोळ्यांत पाणी कुणाच्याही आलं असतं.

दादा टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. वर्षभरात पहिल्यांदा तो त्यांच्याशी थेट बोलला. "मास्तर, मी पाहिलं नव्हतं. माझं लक्ष गोलंदाजाच्या पायाकडे होतं, रेषेबाहेर पडतोय का बघत होतो. वर बघितलं तोवर बेल खाली आणि सगळे ओरडत होते. मी अंदाजाने बोट वर केलं. संशय असेल तर त्याचा फायदा फलंदाजाला द्यायचा, हे मीच सगळ्यांना शिकवतो. आणि मीच दिला नाही."

"एवढं त्या दिवशी जिन्यात म्हणाला असतात तर?"

"तर काय झालं असतं?"

"तर माझं वर्ष वाचलं असतं. वर एकटाच पट मांडून बसतो हो. दोन्ही बाजूंनी मीच खेळतो आणि रोज हरतो."

मैदानातून कप्तान ओरडला, "पंच! सामना खेळायचाय की वारा खायचाय?"

मास्तर उठले. गुडघा धरून, पण उठले. "जड बेल्सना माझी संमती आहे," ते म्हणाले, आणि हे त्यांनी मला नाही, दादाला सांगितलं. मी पिशवी उलटी केली. दोघांनी दोन दोन बेल्स घेतल्या, दोन्ही कप्तानांना सांगितलं आणि आपापल्या टोकाला गेले. बोटीच्या कप्पीचं ते लाकूड स्टंपांवर असं बसलं की झेंडी फाटायला आली तरी हललं नाही.

जेवणाच्या सुट्टीत दादा माझ्याकडे आला नाही. लांब, रोलरवर पाठमोरा बसून जेवला. मला ते मान्य होतं. मी वर्षभर त्याला अंधारात ठेवलं, त्याने अर्धा तास पाठ फिरवली तर ती माझी शिक्षा फार थोडी होती. खेळ सुरू व्हायला पाच मिनिटं असताना तो आला आणि शेजारी उभा राहिला.

"मला वाटत होतं माझे डोळे गेले."

"डोळे गेले नाहीत रे दादा. तू बघितलंच नव्हतंस."

"ते मला माहीतच होतं."

"मग मला सारखं विचारत का होतास?"

"कुणीतरी मला चुकलास म्हणावं म्हणून. आपलं आपल्याला म्हणता येत नाही." मग माझ्या डोक्यावर हलकीच टपली मारून म्हणाला, "आणि तू, चिमणे, इतकी वर्षं सांभाळलेलं मोडून बसलीस. आता?"

"आता उद्यापासून पहिला दिवस."

तीनच्या सुमाराला वारा पडला. सलग दोन षटकं झेंडी खाली लोंबत होती, पण जड बेल्स तशाच. मी दुर्बिणीतून बघत होते. दादाने एकदा झेंडीकडे पाहिलं, एकदा बेल्सकडे, आणि काही केलं नाही. पुढच्या षटकाच्या शेवटी मास्तर लंगडत लंगडत त्याच्याकडे गेले. ते काय बोलले ते दादाने नंतर सांगितलं.

"पंच, वारा पडलाय. काढू या."

"राहू द्या अजून जरा. झुळूक आहे."

"झुळुकीने साधी बेल पडत नाही. या ठेवल्या तर चेंडू स्टंपला चाटून गेला तरी पडायच्या नाहीत. मग गोलंदाजाचं काय?"

"मास्तर, तुम्ही हे म्हणताय?"

"मग कोण म्हणणार? बाद नसताना बाद झालो, ते मला कळतं. फलंदाज बाद असताना बाद न ठरणं काय असतं, ते त्या गोलंदाजाला कळेल."

दोघांनी जड बेल्स काढून खिशात घातल्या आणि साध्या लावल्या. आमच्या क्लबाला जिंकायला अकरा धावा हव्या होत्या. त्यानंतरच्या चौथ्या षटकात एक चेंडू आत आला आणि लेग स्टंपला जेमतेम घासून गेला. आवाज टेबलापर्यंत आला नाही. बेल उचलली गेली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि पडली. दादाने घाई केली नाही. तो तिथे उभा राहिला, पूर्ण बघून झालं, मग बोट वर केलं. आमचा शेवटचा फलंदाज मागे न बघता परत आला. मी वहीत त्रिफळाचित लिहिलं, आणि या वेळी ते लिहिताना हात जड झाला नाही.

आम्ही सात धावांनी हरलो.

"माझ्या बेल्स काढल्या नसत्या तर जिंकलो असतो," घरी आल्यावर हे म्हणाले. "मास्तर स्वतःच्याच क्लबाला नडले. इतक्या मेहनतीने टोकं आखूड केली मी!" आणि चहाच्या दुसऱ्या कपानंतर, "पण बसल्या मात्र कशा, नाही?"

संध्याकाळी दिवा लावून मी जिन्यात, आमच्या मजल्याच्या पायरीवर बसले होते. मास्तरांची पावलं वरून आली आणि माझ्या शेजारून खाली गेली. नेहमी भरभर पडायची तिथे ती थांबली. त्यांनी दार वाजवलं.

"दोन बेल्स माझ्या खिशातच राहिल्या," त्यांचा आवाज आला.

"राहू द्या तुमच्याकडे," दादा म्हणाला. "चारही माझ्याकडे ठेवून काय करू? लावताना दोघं लागतात."

"तुम्ही तर पंचगिरी सोडणार होतात."

"डोळे बरे आहेत म्हणते चिमणी. बघू, पुढच्या मोसमातही वारा असेलच." मग दादाच म्हणाला, "तुमचे एकोणपन्नास, मास्तर. समितीला सांगून वहीत काही करता येतं का बघतो."

"वहीला हात लावायचा नाही. एकोणपन्नासच राहू दे. मला पन्नास नको होते हो. त्या चेंडूवर मी बाद नव्हतो, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं." आणि लगेच, "पट कुठे ठेवलाय? का भुशात टाकलात?"

पट पलंगाखालून ओढल्याचा आवाज आला. काही वेळाने पहिली शिवी ऐकू आली, तेव्हा मी उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या दारात झाडत होते. मास्तर शाळेला निघाले होते. माझ्यापाशी थांबले, दादाच्या बंद दाराकडे बघून खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, काल पंचांनी मला दोन डाव हरवलं. एका डावात त्यांनी घोडा दोनदा हलवला असं मला वाटतं. तुम्ही जिन्यात होतात, काही दिसलं का?"

मी कारखान्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. सव्वासात.

"हो, हो. पहिला दिवस," मास्तर म्हणाले, आणि छत्री काखेत मारून गेले.

मी झाडू ठेवला, पाटी काढली आणि त्यावर लिहिलं, 'बारानंतर सांगते.' तोवर ते कोपऱ्यावरून वळले होते. तरी मी ती पाटी त्यांच्या दिशेने उंच धरून उभी राहिले. मागून यांच्या लेथचा आवाज सुरू झाला.